हात पोहोचत नाही तिथली दुरुस्ती

२००३ साली भारतात आलेली आणि लोकांनी ‘डॉल्फिन’ म्हणून ओळखलेली होंडा सिटी आजही रस्त्यावर दिसते. तिच्या दीड लिटरच्या आय-डीएसआय इंजिनात सिलिंडर चार आणि स्पार्क प्लग आठ. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, एक पुढून, एक मागून. बोनेट उघडलं की पुढचे चार समोरच असतात आणि घरच्या घरी आरामात बदलून होतात. मागचे चार मात्र इंजिनाच्या पाठीला, थेट समोरच्या काचेखाली. वरून वाकून पाहिलं तर दिसत नाहीत, हात घातला तर मनगट अडकतं. मग पुढचे चार नवे आणि मागचे चार जुनेच, अशी गाडी वर्षानुवर्षं चालत राहू शकते. ती चढावर रेंगाळते, पेट्रोल जास्त खाते, आणि मालक म्हणतो, प्लग तर आत्ताच बदललेत.

घरी गाडीचं काम करायला घेतलेला माणूस हात टेकतो तो बहुतेकदा अशाच जागी. खरं तर काम सोपं असतं. प्लग बदलायचा म्हणजे आटे असलेला एक तुकडा उलटा फिरवून काढायचा आणि दुसरा सुलटा फिरवून बसवायचा. अवघड असते ती जागा. माणूस जागेवर चिडतो, जोर लावतो, बोटं सोलून घेतो, कधी आटे घालवून बसतो. जोर कमी पडल्यामुळे काम अडलेलं नसतं, तर वाट सापडलेली नसते. आणि वाट शोधायची तर ती बंद कशी झाली हे आधी समजून घ्यावं लागतं.

दाटी झाली कशी

ज्यांनी अॅम्बॅसडर हाताळली आहे त्यांना तिच्या बोनेटखालची मोकळीक आठवत असेल. इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं, मागची चाकं ओढणारी रचना आणि इंजिनाच्या दोन्ही अंगांना भरपूर जागा. पाना कुठूनही लागायचा.

ही रचना बदलण्याला मोठी चालना इंग्लंडमधून मिळाली. १९५९ साली अॅलेक इसिगोनिस यांनी ‘मिनी’ आणली. जेमतेम तीन मीटर लांबीच्या गाडीत चार माणसं नीट बसावीत म्हणून त्यांनी इंजिन आडवं टाकलं आणि पुढच्या चाकांनाच ताकद दिली. माणसांची जागा वाढली, इंजिनाची घटली. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० चं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरांचं इंजिन असंच आडवं होतं. आज आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक छोट्या गाड्या याच घराण्यातल्या आहेत. इंजिन आडवं टाकलं की त्याची एक बाजू रेडिएटरकडे येते आणि दुसरी फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि प्रवाशांच्या मधल्या पत्र्याच्या भिंतीकडे जाते. या दुसऱ्या बाजूला जे जे बसवलं, ते ते हाताबाहेर गेलं.

भारतात आणखी एक कारण जोडलं गेलं. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क कमी झालं आणि छोट्या गाडीच्या व्याख्येत लांबी चार मीटरपेक्षा जास्त नसण्याची अट आली. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, तेव्हाही ही चार मीटरची रेघ कायम राहिली. करात सवलत हवी तर लांबी वाढवता येत नाही. दुसरीकडे एसीचा कॉम्प्रेसर, पॉवर स्टिअरिंग, एअरबॅग, एबीएसचा ठोकळा, प्रदूषण कमी करणारी उपकरणं यांची भर पडतच गेली. ही सगळी भर त्याच चार मीटरांत, आणि त्यातही माणसांना व सामानाला नको असलेल्या कोपऱ्यांत कोंबली गेली.

तरीही सर्वात महत्त्वाचं कारण कारखान्यातल्या क्रमात आहे. इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढची चाकं धरणारी चौकट हे सगळं बहुतेक वेळा बाहेर एकत्र जोडतात आणि मग खालून गाडीच्या सांगाड्यात बसवतात. बाहेर असताना त्या इंजिनाच्या पाठीला हवा तसा पाना लागतो. मागचा प्लग बसवणाऱ्या कामगाराला कसलीही अडचण आलेली नसते. अडचण त्यानंतर चढलेल्या गोष्टींची असते: वायपरची मोटर, काचेखालचा पत्रा, हवेचा डबा, बॅटरी, वायरींच्या माळा. म्हणून अडलेल्या जागी पहिला प्रश्न विचारायचा तो असा: या भागानंतर इथे काय काय बसवलं गेलं? जे शेवटी बसवलं ते आधी काढायचं. कुशल मेकॅनिक गाडीसमोर दोन मिनिटं नुसता उभा राहतो तेव्हा तो हाच क्रम मनात उलटा मांडत असतो.

ही दाटी फक्त स्वस्त गाड्यांत नाही. पहिल्या लेक्सस एलएस ४०० च्या व्ही-८ इंजिनात स्टार्टर मोटर सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या खाचेत, हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डच्या खाली आहे. स्टार्टर बदलायचा तर इंजिनाचा वरचा मजला उतरवावा लागतो. कॅडिलॅकच्या नॉर्थस्टार इंजिनातही तीच तऱ्हा. ऑडीच्या ए-४ सारख्या गाड्यांत टायमिंग बेल्टपर्यंत जायला जागा नाही हे बनवणाऱ्यांनाच ठाऊक होतं, म्हणून रेडिएटरसकट गाडीचं सगळं नाक लांब बोल्टांवर पुढे सरकवून उभं करण्याची सोय त्यांनी करून ठेवली. आपल्याकडच्या ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली. नवख्याला ते सापडत नाही, आणि माहितगार सीट उचलून निम्मं काम बसल्या जागी करतो. या सगळ्या उदाहरणांतून एकच गोष्ट दिसते. वाट जवळजवळ नेहमी असते, फक्त ती बोनेटच्या तोंडाशी असेलच असं नाही.

वाट कुठकुठून असते

वरून हात जात नसेल तर चाकाच्या पोकळीतून पाहावं. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवलं की चाकामागचं प्लास्टिकचं अस्तर उघडं पडतं. त्याच्या दोन-चार क्लिपा काढून ते बाजूला वाकवलं की अनेक गाड्यांत फॉग लॅम्पची मागची बाजू, हॉर्न, कधी बेल्टची पुली समोर येते. त्यासाठी चाकही काढावं लागत नाही. ऑइल फिल्टर अनेकदा खालूनच बरा. केबिन फिल्टर ग्लव्ह बॉक्सच्या मागे. मागच्या दिव्याचे नट डिकीच्या आतल्या अस्तरामागे.

पुढच्या दिव्याचा बल्ब बदलायला बॅटरी किंवा हवेचा डबा आड येत असेल, तर तो काढणं हीच सर्वात जवळची वाट. एअर फिल्टरच्या डब्याला दोन-तीन बोल्ट आणि एक पट्टा असतो, तो पाच मिनिटांत निघतो. तो न काढता फटीतून हात घालून चाललेली झटापट अर्धा तास खाते आणि बल्बही फोडते. घरी काम करताना सर्वात जास्त वेळ वाया जातो तो ‘हे काढायला लागू नये’ या हट्टापायी.

हाताला पडणाऱ्या पाच अडचणी

जागा मोकळी करून झाली तरी काही अडचणी उरतात. त्या पाच प्रकारच्या असतात आणि प्रत्येकीवर वेगळा उपाय आहे.

पहिली, दिसत नाही. आज यासाठी खिशातला मोबाइल पुरतो. फ्लॅश लावून फोन फटीत धरायचा, व्हिडिओ घ्यायचा आणि बाहेर काढून निवांत पाहायचा. बोल्ट किती, कोणत्या आकाराचे, क्लिपचं तोंड कुठे, वायर कुठून जाते हे सगळं कळतं. काम सुरू करण्याआधीचे हे फोटो परत जोडताना सोन्याच्या मोलाचे ठरतात. दांडीवरचा छोटा आरसाही चांगला, मात्र आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, हे पाना फिरवताना लक्षात ठेवायचं. उजेड डोक्यावरच्या बॅटरीचा घ्यावा म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात.

दुसरी, पोहोचत नाही. त्यासाठी गोटी, म्हणजे सॉकेट, आणि ती लांब करणारी एक्स्टेंशनची दांडी. एकच लांब दांडी घेण्यापेक्षा दोन-तीन वेगवेगळ्या लांबीच्या जवळ ठेवाव्यात. दांडी अशी हवी की रॅचेटची मूठ मोकळ्या जागेत बाहेर यावी, अर्ध्या वाटेत नळीला टेकू नये.

तिसरी, पाना फिरत नाही. इथे थोडं गणित कामाला येतं. बोल्टच्या डोक्याला सहा बाजू, म्हणजे ६० अंश फिरल्यावर पुन्हा तीच स्थिती येते. साधा फिक्स पाना सरळ तोंडाचा असता, तर दर वेळी पूर्ण ६० अंश फिरवायला जागा लागली असती. १५ सेंटिमीटरच्या पान्याचं टोक तेवढ्यात पंधरा सेंटिमीटरहून जास्त सरकतं. एवढी जागा इंजिनाच्या पाठीमागे नसतेच. म्हणून फिक्स पान्याचं तोंड १५ अंश तिरकं केलेलं असतं. एकदा फिरवला, उलटा करून पुन्हा लावला की फक्त ३० अंशांच्या जागेत काम भागतं. अनेकांच्या हातात हा पाना आयुष्यभर असतो, पण तो उलटा-पालटा करत चालवायचा असतो हे कोणी सांगितलेलं नसतं. बारा कोनांचा रिंग पानाही ३० अंशांत पुढचा खाचा पकडतो. रॅचेटमध्ये आत दात असतात. २४ दातांचा रॅचेट १५ अंशांत एक टप्पा घेतो आणि ७२ दातांचा ५ अंशांत. त्याच १५ सेंटिमीटरच्या मुठीला ५ अंशांसाठी जेमतेम सव्वा सेंटिमीटर जागा लागते. अडचणीच्या जागेसाठी एकच चांगलं हत्यार घ्यायचं असेल तर बारीक दातांचा, पातळ डोक्याचा रॅचेट घ्यावा.

चौथी, बोल्ट सरळ रेषेत नाही. त्यासाठी युनिव्हर्सल जॉइंट असतो. सतराव्या शतकात रॉबर्ट हूक यांनी ज्याचा अभ्यास केला तोच हा दोन काट्यांचा सांधा, ट्रकच्या प्रॉपेलर शाफ्टलाही असतो. तो वाकडा फिरवता येतो, पण कोन वाढला की ताकद एकसारखी जात नाही आणि गोटी डोक्यावरून निसटू पाहते. म्हणून कोन जमेल तितका कमी ठेवावा आणि शेवटचा ताण देताना हा सांधा वापरू नये. थोडाच कोन हवा असेल तर किंचित डुलणारी ‘वॉबल’ दांडी अधिक भरवशाची.

पाचवी, हातातून पडतं. पडलेला नट जमिनीवर आला तर नशीब, बहुतेकदा तो खालच्या प्लास्टिकच्या ढालीवर जाऊन बसतो. म्हणून काम सुरू करण्याआधी खालच्या फटींत जुनं कापड कोंबून ठेवावं. नट गोटीत धरून ठेवायला आत ग्रीसचा ठिपका किंवा कागदी टेपचा तुकडा लावावा. दांडीवरचं चुंबक जवळ असावं, पण अॅल्युमिनिअम, पितळ आणि प्लास्टिक चुंबकाला दाद देत नाहीत हेही माहीत असावं. छोट्या हत्याराला दोरा बांधून तो मनगटाला गुंडाळणं हा सर्वात स्वस्त विमा.

हत्यारं महागडी परदेशी लागत नाहीत. नाशिकच्या सातपूरमधल्या टपारियाचे पाने आपल्याकडे गॅरेजपासून शेतापर्यंत चालतात. मारुती, होंडा, टोयोटा या जपानी वळणाच्या गाड्यांना ८, १०, १२, १४, १७ हे आकडे लागतात. युरोपीय वळणाच्या गाड्यांत १३ चा पाना आणि सहा पाकळ्यांचे टॉर्क्स स्क्रू भेटतात. आपली गाडी कोणत्या वळणाची ते पाहून खरेदी करावी.

मागचे चार प्लग, जवळून

आता सिटीच्या मागच्या प्लगांकडे वळू, कारण वर सांगितलेलं सगळं तिथे एकाच कामात लागतं.

इंजिन पूर्ण थंड हवं. सिलिंडरचं डोकं अॅल्युमिनिअमचं आहे, गरम असताना प्लग काढला तर मऊ आटे ओरबाडले जाण्याची भीती असते. संध्याकाळी गाडी लावून सकाळी काम करणं उत्तम. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढावी. पॉझिटिव्ह आधी का नको? निगेटिव्ह जोडलेली असताना गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्ह असतो. पॉझिटिव्हचा नट सोडवताना पाना पत्र्याला टेकला की थेट शॉर्ट. निगेटिव्ह आधी सुटली की तो धोकाच संपतो. जोडताना ती शेवटी.

वायपर काचेवर जिथे विसावतात तिथे कागदी टेपने खूण करावी. मग वायपरच्या दांड्यांच्या बुडाशी असलेले नट काढावेत. दांडी खाचांत घट्ट बसलेली असते. ती हलक्या हाताने डुलवत सोडवावी, काचेला टेकू देऊन उचकटू नये. त्यानंतर काचेखालची प्लास्टिकची जाळी. तिच्या क्लिपांचं मधलं बोंड आधी उचलायचं, मग पूर्ण क्लिप ओढायची. जुन्या गाडीत उन्हाने प्लास्टिक कडक झालेलं असतं, म्हणून चार-सहा नव्या क्लिपा आधीच आणून ठेवाव्यात. जाळीखाली वायपरची मोटर आणि तिच्या दांड्यांची जोडणी, त्याखाली पत्र्याचा ट्रे. हे सगळं बोल्टांवर आहे आणि मोटरला एक वायरचा जोड आहे. ट्रे बाहेर आला की जिथे मनगट अडकत होतं तिथे दोन्ही हात मावतात.

प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसलेली आहे. तिच्या वायरचा जोड काढताना खटका दाबून जोडाचं अंग धरावं, वायर ओढू नये. वीस वर्षं इंजिनाची धग खाल्लेलं प्लास्टिक ठिसूळ होतं. एका वेळी एकाच सिलिंडरचं काम करावं म्हणजे कॉइलांची अदलाबदल होत नाही. कॉइल काढल्यावर लगेच प्लगला हात घालू नये. प्लग ज्या खोल भोकात बसलेला असतो त्या विहिरीत धूळ आणि वाळू साचलेली असते. ती सायकलच्या पंपाने किंवा ब्लोअरने आधी उडवावी, नाहीतर प्लग सुटताक्षणी ती सिलिंडरात जाते.

१६ मिलिमीटरची प्लगची गोटी, तिच्यात प्लग धरून ठेवणारं रबर असलेली, दांडीवर लावून जुना प्लग सोडवावा. पहिला हिसका लागतो, मग तो सहज फिरला पाहिजे. मध्येच जड जाऊ लागला तर थांबावं, थोडं पेनिट्रेटिंग ऑइल सोडावं, वेळ द्यावा, पुढे-मागे करत काढावा.

नवा प्लग बसवताना सर्वात मोठी काळजी आट्यांची. रॅचेट बाजूला ठेवावा. प्लगच्या वरच्या टोकावर वीतभर रबरी नळी खोचावी आणि त्या नळीने तो भोकात उतरवून बोटांनी फिरवावा. आटे सरळ लागले तर प्लग अलगद आत जातो. तिरके लागले तर नळी प्लगवर घसरते आणि फिरणं थांबतं, म्हणजे नुकसान होण्याआधीच इशारा मिळतो. लोखंडी दांडीने हा इशारा मिळत नाही, ती तिरके आटे बिनबोभाट कापत जाते. आधी थोडं उलटं फिरवून आटे ‘टक्’ करून बसल्याचं जाणवलं की मग सुलटं फिरवणं, ही सवय प्रत्येक बोल्टसाठी लावून घ्यावी.

शेवटचा ताण किती? इथे साधारण १८ न्यूटन-मीटर. म्हणजे प्लगपासून १८ सेंटिमीटर अंतरावर मुठीला सुमारे दहा किलोचा दाब. टॉर्क रेंच असेल तर सरळ दांडीवर लावावा. ती कितीही लांब असली तरी आकडा व्यवहारात तोच राहतो, युनिव्हर्सल जॉइंट मध्ये आला की मात्र तो बिघडतो. रेंच नसेल तर नवा वायसर असलेला प्लग बोटांनी टेकेपर्यंत आणि मग पान्याने अर्धी ते दोन-तृतीयांश फेरी. तोच प्लग काढून परत बसवला तर वायसर आधीच दबलेला असतो, मग ३० अंश पुरे. अडचणीच्या जागी हाताला अंदाज येत नाही म्हणून माणूस जास्त आवळतो, आणि बहुतेक आटे तिथेच जातात.

परत जोडताना वायपरच्या दांड्या बसवण्याआधी बॅटरी जोडून मोटर एकदा चालवून बंद करावी म्हणजे ती आपल्या विसाव्याच्या जागी थांबते. मग टेपच्या खुणेवर दांड्या बसवाव्यात.

बोटांनी पाहणं

काही जागा कितीही मोकळ्या केल्या तरी डोळ्यांना दिसत नाहीत. पुढच्या दिव्याचा एच-४ बल्ब हे त्याचं रोजचं उदाहरण. ६०/५५ वॅटचा हा बल्ब आपल्या असंख्य गाड्यांत आहे. त्याच्या मागे तीन पिनांचा जोड, त्यावर रबरी टोपी आणि आत बल्बला दाबून धरणारी तारेची स्प्रिंग. बल्बच्या कड्याला तीन कान असतात, एक रुंद आणि दोन अरुंद. रुंद कान वर येईल असाच तो बसतो.

बहुतेक गाड्यांत एका बाजूचा दिवा मोकळा असतो आणि दुसऱ्यामागे बॅटरी किंवा डबा असतो. बल्ब अवघड बाजूचा गेला असला तरी आधी सोप्या बाजूला जावं. तिथे पाहत पाहत स्प्रिंग कशी दाबली की सुटते, कुठे सरकते, कान कसे बसतात हे करून पाहावं. मग तिथेच डोळे मिटून एकदा करावं. बोटांना ओळख झाली की दुसऱ्या बाजूला, आरशातल्यासारखं उलटं असलं तरी, काम पटकन होतं. बल्बच्या काचेला बोट लावू नये. बोटाचा तेलकट डाग त्या जागी काच अधिक तापवतो आणि बल्ब लवकर जातो.

वाहनांवरचे दिवे बसवण्यासंबंधी संयुक्त राष्ट्रांची ४८ क्रमांकाची नियमावली आहे. गाडीसोबत दिलेल्या हत्यारांपलीकडे खास हत्यार न लागता साधा बल्ब बदलता आला पाहिजे, असं ती सांगते. म्हणजे हात पोहोचणं ही सोय योगायोगाने मिळत नाही, आराखडा करतानाच ती ठरवावी लागते आणि नियमाने मागताही येते.

पावसाळ्याआधीची तीन कामं

महाराष्ट्रात आणि गोव्यात गाडी ठेवणाऱ्यांसाठी तीन लपलेल्या जागा दरवर्षी पाहण्यासारख्या आहेत. पहिली, काचेखालची तीच जाळी. झाडाखाली उभ्या गाडीत तिच्याखाली पालापाचोळा कुजतो आणि पाणी वाहून नेणारी भोकं बुजतात. जोराच्या पावसात पाणी साचून केबिनच्या हवेच्या वाटेने आत येतं, किंवा पत्रा आतून गंजतो. पाचोळा हाताने काढावा आणि मग तांब्याभर पाणी ओतून ते दोन्ही चाकांमागून खाली येतं का पाहावं.

दुसरी, एसीची पाण्याची नळी. एसीच्या थंड जाळीवर जमणारं पाणी फायरवॉलमधून बाहेर पडणाऱ्या लहान नळीने खाली गळतं. धुळीचा लगदा होऊन ती बुजली की पाणी आत, बहुतेकदा डाव्या पुढच्या सीटच्या पायाशी येतं. एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकत नसेल आणि गालिचा ओला असेल तर दोष इथेच. नळीचं तोंड खालून सापडतं. मऊ प्लास्टिकची वायर हलकेच आत-बाहेर करावी. टोकदार तार घालू नये, आत जाळी आहे.

तिसरी, केबिन फिल्टर. ग्लव्ह बॉक्स रिकामा करून त्याच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की अनेक गाड्यांत तो खाली झुकतो आणि मागे फिल्टरचं झाकण दिसतं. नव्या फिल्टरवरचा बाण हवेच्या दिशेने ठेवायचा, जुना कसा होता त्याचा फोटो आधी घ्यायचा. या परिसरात पिवळ्या वायरी किंवा पिवळे जोड दिसले तर त्यांना हात लावायचा नाही, ते एअरबॅगचे असतात.

जिथे थांबायचं

अडचणीच्या जागी शरीर अडकलेलं असतं, हात पटकन मागे घेता येत नाही. म्हणून इथे सुरक्षेचे नियम नेहमीपेक्षा कडक पाळायचे. गाडीसोबत मिळणारा जॅक फक्त चाक बदलण्यासाठी आहे. त्याच्या भरवशावर कोणीही, क्षणभरही गाडीखाली जाऊ नये. दोन जॅक स्टँड लागतातच, तेही गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या ठिकाणी. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक चालत नाहीत, ते पूर्वसूचना न देता फुटतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतील तर स्टँडखाली जाड प्लायवूड ठेवावं, मागच्या चाकांना अडण लावावं, काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवावं, आणि घरात कोणाला तरी सांगून खाली जावं. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवावं. काही गाड्यांत इग्निशन बंद असतानाही रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होतो, त्याच्याजवळ हात घालण्याआधी बॅटरी सोडवावी. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांतल्या नारिंगी केबल उच्च दाबाच्या असतात, त्या घरच्या कामाच्या कक्षेत येत नाहीत. टायमिंग बेल्ट, एअरबॅग, पेट्रोलची दाबाखालची नळी ही कामंही जाणत्याकडेच द्यावीत. ब्रेकच्या हायड्रॉलिक वाटेला शिकवणारा माणूस शेजारी असल्याशिवाय हात लावू नये.

उरलेल्या कामांसाठी हत्याराइतकीच माहिती लागते आणि तीही पुष्कळदा हाताबाहेर ठेवली जाते. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा वाहन कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण प्रश्न सार्वजनिक झाला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचं संकेतस्थळ सुरू केलं आणि त्यात वाहनांचाही समावेश केला. आपल्या गाडीची पुस्तिका वाचणं, भागाचा क्रमांक आणि ताणाचा आकडा मागून घेणं हा ग्राहक म्हणून आपला हक्क आहे, आणि तो वापरला तरच टिकतो.

सुरुवात केबिन फिल्टरने करावी, मग जाळीखालचा पाचोळा, मग बल्ब, आणि हाताला धीर आला की प्लग. प्रत्येक कामात एकच सवय पक्की करायची: अडलं की जोर वाढवण्याआधी हात बाहेर काढायचा, फोटो पाहायचा आणि आणखी काय काढलं तर वाट होईल हे ठरवायचं. ही सवय लागलेला माणूस सगळी कामं स्वतः करेलच असं नाही. पण गाडी गॅरेजमध्ये देताना ‘प्लग बदला’ असं मोघम न सांगता, ‘मागचे चारही बदला, आणि काढलेले आठही मला दाखवा’ असं तो सांगू शकतो. एवढं नेमकं सांगता आलं तरी शिकण्यासाठी घातलेला वेळ कारणी लागला.